ओहोटीला निघायचं नाही

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन घड्याळं दिसली. एक तुमच्या वेळेचं, एक माझ्या. आजी उठली असेल का, जेवली असेल का, हे तुम्ही त्या दुसऱ्या घड्याळात बघता असं तुमची आई म्हणाली. मला बरं वाटलं. पण एका घरात दोन वेळा नांदतात हे मला नवं नाही. मी स्वतः एक वर्ष तशा घरात भाड्याने राहिले आहे. त्या घराच्या मालकिणीबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं, कारण ती नसती तर तुमचे बाबा नसते, आणि ओघाने तुम्हीही नसता.

गाव उत्तन. भाईंदर स्टेशनावरून पश्चिमेला निघालं की मिठागरं लागतात, मग टेकडी, मग ताडाची झाडं, आणि रस्ता संपतो तिथे समुद्र. आता तिथे काय काय झालं आहे ते मला माहीत नाही. मी सांगते आहे ती साठीच्या दशकाची अखेर. दिवसातून मोजक्या एसटी गाड्या यायच्या, आणि बाकी वेळ गाव आपल्या वाळत घातलेल्या बोंबलांजवळ स्वस्थ बसलेलं असायचं.

मी सव्वीस वर्षांची होते. मुंबईत एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि मला छातीचा आजार झाला. त्या आजाराचं नाव तेव्हा घरात मोठ्याने घेत नसत. इंजेक्शनं संपली, गोळ्या उरल्या, आणि डॉक्टर म्हणाले, वर्षभर समुद्राची हवा, दूध, अंडी आणि विश्रांती. तुमचे आजोबा भाईंदरला मिठागरांच्या एका कचेरीत नोकरीला होते, म्हणून तिथेच जागा शोधायची ठरली. मी यादी करणारी बाई, हे तुम्हाला माहीत आहेच. वहीत सात घरं लिहिली होती. नवघरची दोन, गोडदेवचं एक, भाईंदर गावातली तीन. मी खोकले की घरमालकाचा चेहरा बदलायचा, आणि मी एका घरावर रेघ मारायचे. सातवं घर हे होतं.

ती अंगणात बांबूच्या वलांडीवर टांगलेले बोंबील उलटे करत होती. उंच, सुकलेली, सत्तरीची असावी. गुडघ्यापर्यंत लुगडं, कानात जड सोनं, गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा क्रूस. तुमच्या आजोबांनी भाड्याचं, पाण्याचं, स्वयंपाकाचं सगळं विचारलं, फक्त आजाराचं सांगितलं नाही. मी खोकला दाबत होते, तो नको तेव्हा सुटला.

"किती दिस झालं?" तिने बोंबलांकडेच बघत विचारलं.

"सर्दी झालीय जरा," आजोबा म्हणाले.

"सर्दी मला बी व्हते. ती असी खोकत न्हाय."

माझा हात पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला होता, सातवी रेघ मारायला.

"मागच्या दोन खोल्या हायत," ती म्हणाली. "विहीर दोघांची. एकच अट. ओहोटीला ह्या घरातनं निघायचं न्हाय. बाजाराला जा, मिठागराला जा, ते जानं न्हवं. पन आजारी मानूस गाव सोडून जानार असंल तर भरतीला जाईल. येईल ती बी भरतीला. आता काय हाय?"

आम्हाला काय माहीत काय आहे. आम्ही समुद्राकडे बघितलं. समुद्र होता.

"ओहोटी हाय," ती म्हणाली, जशी काही आम्हाला अक्षरओळख नव्हती. "मंग आत कशाला येता? सामान घेऊन तितं ताडाखाली बसा. मी हाक मारीन."

सामान बैलगाडीवर होतं. गाडीवान वैतागून निघून जायला बघत होता. मी वळकटीला टेकून दीड तास ताडाखाली बसले. वारा होता, खारट वास होता, आणि समोर चिखलात एका कुशीवर कललेल्या होड्या. बघता बघता त्यातली एक जरा सरळ झाली. मग दुसरी. कुणी हात न लावता सगळ्या होड्या हळूहळू उठून बसल्या, झोपेतून जागं व्हावं तशा. तेव्हा तिची हाक आली. "या गो बाय आता. घर तुमचं."

मी तिला मावशी म्हणायचे. ती मला बाय म्हणायची आणि तुमच्या आजोबांना "मिठवाला".

तिच्या घरात घड्याळ नव्हतं. तिची सगळी वेळ दर्याची. चर्चची घंटा झाली की ती म्हणायची, "फादरचं वाजलं," जसा काही तो फादरचा खाजगी मामला होता. एसटीचा हॉर्न वाजला की, "डायव्हरचं वाजलं." तिचं स्वतःचं वाजायचं ते पाणी फिरलं की. दिवसातून चार वेळा फिरतं. आणि रोजचं कालच्यापेक्षा उशिरा. "रोज दोन घटका मागं सरतो," ती म्हणायची. "दर्याला घाई न्हाय. कालच्या जाग्यावर आज भेटंल असं कोनी सांगितलं?"

मी पितळी गजराचं घड्याळ नेलं होतं. गोळ्यांची वेळ, ताप बघायची वेळ, दुधाची वेळ, सगळं मी आखलेल्या कागदावर होतं. चौथ्या दिवशी घड्याळ नाहीसं झालं. दुपारी तिच्या बाजूने, मडक्यात कोंडल्यासारखा गजर ऐकू आला. गेले तर खरंच मडक्यात होतं, तांदळात पुरलेलं.

"मावशी, हे काय?"

"टकटक करतं गो. मानसाचा जीव मोजल्यासारकं. बऱ्या मानसानं ऐकावं, तुजं काय काम?"

शेवटी तह झाला. आमच्या दोन खोल्या आणि तिचं घर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. भिंतीच्या पूर्वेला माझं घड्याळ, पश्चिमेला तिचा दर्या. तिच्या ओट्यावरून समुद्र दिसायचा, माझ्या खिडकीतून मात्र विहीर, वलांडी आणि चर्चचा कोपरा. समुद्र मला फक्त ऐकू यायचा, आणि तो भरतो की उतरतो हे कानाने कळण्याइतकी मी त्या गावची नव्हते. म्हणून पाणी फिरलं की ती फळीवर बोटाने वाजवायची. एक टकटक म्हणजे ओहोटी लागली, आडवी हो. दोन म्हणजे भरती लागली, ऊठ, चार पावलं चाल, खा.

पहिला महिना मी माझ्या कागदाप्रमाणे वागायचा हट्ट केला. मग सुटला तो. काय झालं सांगता येत नाही. एका आठवड्यात मी उजाडताना उठत होते आणि पुढच्या आठवड्यात दुपारी. जेवण दिवसभर सरकत राहायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ हे शब्द पातळ होत गेले आणि उरलं ते भरणं आणि उतरणं. डोळे मिटून पडलं की वाटायचं, खाट जमिनीवर नाहीच, बांधलेल्या होडीसारखी थोडी सैल आहे. दोन टकटक व्हायच्या आणि अंगात काहीतरी वर यायचं. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही. माझं वजन मात्र वाढत होतं, आणि ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

विहिरीचंही तसंच. ती पाणी फक्त भरतीला शेंदायची. "भरतीला दर्या खालनं ढकलतो, मंग गोडं पानी वर येतं. ओहोटीला वडशील तर मचूळ येल." मी शिक्षिका. मी दोन पेल्यांत दोन वेळचं पाणी घेऊन चव घेतली. तिचं खरं होतं.

एकदा तिने उंबरठ्यावर वाटी ठेवली. आत कढत, करडं, खारट पाणी. आमच्या माहेरी मासळी शिजत नसे, हे मी तिला सांगितलं होतं.

"ही मासळी न्हाय. कालवं हायत, दगडाला धरून ऱ्हातात. आनि तुला कालवं बी दिली न्हायत, त्याचं पानी दिलंय. दर्याचं दूध समज."

मी समजले. माझ्या आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हीही आता कुणाला सांगू नका.

तिच्या त्या अटीवर मी एकदा तिच्याशी वाद घातला. मी म्हटलं, "मावशी, होड्या तर ओहोटीच्या पाण्यावरच बाहेर पडतात. मग ओहोटी वाईट कशी?"

ती जाळं शिवत होती. तोंडातला दोरा काढून म्हणाली, "होडीला शीड हाय. वल्ही हायत. आठ हात हायत. आजारी मानसाला काय हाय गो? तो नुसता जातो."

यामागे काय होतं ते मला शेजारच्या तांडेलाकडून कळलं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. हा म्हातारा झाला होता, दर्यावर जाणं मुलांवर सोपवलं होतं आणि दिवसभर आपल्या ओट्यावर बसून मावशीची चेष्टा करायचं काम तेवढं ठेवलं होतं. ती भाईंदरच्या बाजाराला गेलेली असताना तो मला म्हणाला, "तिची पोर व्हती तुज्याच वयाची. हाच खोकला. मुंबयला न्यायला मोटार आली ती भर ओहोटीत. ही बोल्ली, जरा थांबा, पानी फिरू दे. सगले हिला हसले. मी बी हसलो. मोटार गेली. पोर आली न्हाय." मग बराच वेळ त्याने विडी पेटवली नाही, नुसती बोटांत फिरवली. "त्याच्या आधी म्हातारी असी न्हवती. घड्याल बी व्हतं तिच्याकडं."

मी मागच्या खोलीत जाऊन आडवी झाले. सातव्या घरावर रेघ का मारावी लागली नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

वर्ष संपत आलं तसं डॉक्टरांचं पत्र आलं. तारीख ठरलेली, सकाळी अकराची वेळ, छातीचा नवा फोटो काढायचा. हा फोटो स्वच्छ आला तर गोळ्या बंद, नोकरी परत, आणि आजोबांनी आणि मी लग्नापासून मनात धरलेली एक गोष्ट, जिला डॉक्टरांनी तोवर "इतक्यात नाही" म्हटलेलं होतं. ती तारीख चुकली तर पुढची पावसाळ्यानंतर. त्या मधल्या महिन्यांची मला भीती वाटत होती. आजारापेक्षा वाट बघण्याने माणूस जास्त झिजतं.

मी पत्र तिला वाचून दाखवलं. तिने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. गळ्यात क्रूस होता, पण मोजायची ती तिथी.

"पंचमी," ती म्हणाली. "दिस उजाडायच्या आधी भरती भरंल. मंग उतरत जाईल. फादरच्या दुपारच्या घंटेच्या थोडं आधी पानी फिरंल. डायव्हरचं कदी वाजतं?"

"साडेआठला बस आहे."

तिने मान हलवली. "न्हाय जमायचं."

"मावशी, अकराला पोचायचंय."

"आदल्या दिशी भरतीला जा."

तेही होणार नव्हतं. मुंबईत माझा भाऊ होता, नणंद होती, पण दोघांकडे लहान मुलं. छातीच्या आजाराच्या माणसाला रात्रभर ठेवून घेईल असं एकही घर नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. मी गप्प बसले तेव्हाच तिला ते समजलं असावं, कारण तिने पुन्हा आदल्या दिवसाचं नाव काढलं नाही. पण "जा" असंही म्हणाली नाही. जाळं घेऊन ओट्यावर गेली आणि त्या दिवशी फळीवर टकटक करायला विसरली. मी अट मोडून निघून जाऊ शकत होते. कायद्याने तिला काही करता आलं नसतं. पण ज्या एका घराने मला आत घेतलं, त्याच्या उंबरठ्यावरून तिच्या मुलीसारखी निघून जाणं मला जमेना.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे उपाय शोधला. गणित. रोज दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्याने आकडे वेडेवाकडे यायला लागले, म्हणून मी पाऊण तास धरला. तीन मिनिटांनी काय बिघडतं? पौर्णिमेच्या दिवशी तिची टकटक झाली ती वेळ घड्याळात बघून लिहिली आणि तिथून पुढे चाळीस दिवसांचा तक्ता केला. उताणी पडून, पुठ्ठा पोटावर घेऊन, दोन रंगांच्या पेन्सिलींनी. निळी भरती, तांबडी ओहोटी. पट्टी लावून रेघा. पस्तिसाव्या, म्हणजे जाण्याच्या दिवसाच्या, चौकटीशी आले आणि ताडकन उठून बसले. तक्त्याप्रमाणे त्या सकाळी साडेसातलाच ओहोटी संपत होती. साडेआठला आम्ही भर भरतीत निघणार होतो.

रोजच्या तीन मिनिटांची पस्तीस दिवसांत किती होतात, हा हिशेब मी केला नाही. आणि दोन घटका हाही तिचा ढोबळ अंदाज, दर्या त्याहून थोडा जास्तच मागे सरतो, हे मला ठाऊक नव्हतं. इंग्रजी शाळेत पहिला नंबर काढलेल्या मुलीची ही गोष्ट आहे.

आधी तक्ता आजोबांना दाखवला. मिठागरात पाणी घ्यायचं ते भरतीला, त्यामुळे भरतीशी त्यांची रोजची ओळख. ते बघत राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रेघा छान आल्यात." मग मी तो घेऊन मावशीकडे गेले.

तिने हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला. वाचता येत नव्हतं, पण निळ्या रेघांवरून अंगठा सावकाश नेला, होडीची फळी तपासावी तसा.

"हे सगलं तू काडलंस?"

"हो."

"आडवी पडून?"

"हो मावशी. आणि हे बघा, त्या दिवशी साडेसातलाच भरती लागतेय. तुमच्या पेरांत काहीतरी चुकलं."

तिने समुद्राकडे बघितलं. मग कागदाकडे. मग माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला अवघडल्यासारखं झालं.

"कागदात हाय तर असंल," ती म्हणाली. "माज्या बाजूला लाव."

भाताच्या पेजेने तिने स्वतःच तो आपल्या भिंतीवर चिकटवला. तांडेल ओट्यावरून बघत होता.

"काय गो म्हातारे, दर्या आता लिवलेलं वाचून येनार काय?"

"येल. तो तुज्यासारका अडानी न्हाय."

"आनि न्हाय आला तर?"

"तर तू तोंड गप ठेव."

तेव्हापासून ती टकटक करण्याआधी मला हाक मारून विचारायची, "बाय, कागद काय बोलतो?" मी घड्याळ बघून सांगायचे. मग ती माझ्या सांगण्याप्रमाणे फळी वाजवायची. मला केवढा अभिमान वाटत होता. तिच्या घरात माझी वेळ शिरली होती. त्या दिवसांत काही बारीक गोष्टी दिसत होत्या, पण त्यांचा एकमेकींशी संबंध लागत नव्हता. ती विहिरीवर आता दिवसातून चारदा जात होती. एकदा कागदाच्या वेळेला, माझ्यासमोर, अर्धी कळशी घेऊन यायची. आणि नंतर कधीतरी, मी झोपलेली असताना, पुन्हा रहाटाचा आवाज व्हायचा. एका सकाळी चहा मचूळ लागला. "विहीर रुसलीय," ती म्हणाली, आणि तो चहा ओतून दुसरा आणला. तांडेल मला बघितलं की खोकल्याचं निमित्त करून हसू गिळायचा.

जायची सकाळ आली. मी इस्त्रीची साडी नेसून, पत्र आणि जुने फोटो मोठ्या पाकिटात घालून दारात आले. मावशी पायरीवर उभी होती. सणाचं लुगडं नेसली होती, आणि ते कमरेपर्यंत ओलं होतं. तिच्या पायाशी एक मोठी हंडी, तोंडाला फडकं बांधलेलं. तांडेल आपल्या ओट्यावर.

"कागद काय बोलतो?" तिने विचारलं. नेहमीपेक्षा मोठ्याने.

"साडेसातला ओहोटी संपली. भरती लागून पाऊण तास झाला."

"ऐकलंस?" ती तांडेलाला म्हणाली. "कागद बोलतो भरती हाय."

त्याच्या ओट्यावरून अख्खा दर्या दिसायचा. तो दर्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, विडी विझवली आणि उठून उभा राहिला. वर्षभरात त्याला कुणासाठी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"लागली," तो म्हणाला. "लागली भरती. पानी येतंय. जा."

तिने फडकं सोडलं, हंडी कमरेवर तोलली आणि आमच्या उंबरठ्यावर ओतली. पाणी दगडावरून पसरत दोन्ही पायऱ्या उतरलं. मी साडी उचलून मागे सरकले.

"चपला काड. पाय भिजव, मंग जा."

चपला हातात घेतल्या आणि पाण्यातून चालत बाहेर आले. आजोबाही बूट काढून आले. पायरीवर शेवाळाची हिरवी दोरी पडलेली होती. मी ती ओलांडली. मावशीने निरोपाला हात केला नाही. रिकामी हंडी घेऊन ती आत गेली.

बस गावाबाहेर पडून चढाला लागते तिथे एका वळणावर सगळा समुद्र दिसतो. मी खिडकीशी होते. समुद्र लांब गेलेला होता. काळा चिखल चमकत होता, होड्या कुशीवर पडलेल्या, आणि कालवं काढणाऱ्या बायका टोपल्या घेऊन खडकांकडे, पाण्याच्या मागोमाग चाललेल्या. परत येत नव्हत्या, चालल्या होत्या. इतकं एक वर्षात मी शिकले होते. पाणी उतरत होतं, आणि अजून दोन तास तरी उतरणार होतं.

मी आजोबांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. स्वच्छ चष्मा.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला तिने शपथ घातली होती," ते म्हणाले. "पोरीनं आडवं पडून काढलंय, चुकलं म्हणून कोणी बोलायचं नाही, म्हणाली."

मी खाली बघितलं. पाय वाळले होते. बोटांच्या कडांना बारीक पांढरी रेघ उमटली होती. हाताने पुसून जिभेला लावली. खारट. मग मला तिचं कमरेपर्यंत भिजलेलं लुगडं दिसलं, ती शेवाळाची दोरी दिसली, आणि त्या सकाळी उजाडण्याआधी, भरती काठोकाठ भरलेली असताना, ती सत्तरीची बाई हंडी घेऊन कुठे उतरली होती ते दिसलं. कागद चुकला आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला मला अडवायचं नव्हतं. आणि ओहोटीला पाठवायचंही नव्हतं. मग तिने पहाटे जाऊन भरती आणली, फडकं बांधून जपून ठेवली, आणि वेळ आली तेव्हा माझ्या दारात ओतली.

फोटोच्या खोलीत चपला बाहेर काढायच्या होत्या. मी थंड फरशीवर उभी होते, त्या पांढऱ्या रेघेसकट. पाय धुवावेत असं वाटलं नाही. डॉक्टरांनी नंतर तो छातीचा फोटो उजेडावर धरला आणि बराच वेळ बघितला. माझ्या बाजूने तो धुक्यातल्या किनाऱ्यासारखा दिसत होता. "आता स्वच्छ आहे," ते म्हणाले.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिने काही विचारलं नाही. मी खाटेवर बसले आणि फळीला तोंड लावून म्हटलं, "मावशी, बरी झाले मी."

पलीकडून दोन टकटक झाल्या. मग ती म्हणाली, "दूध पी."

आम्ही ते घर सोडलं ते खऱ्या भरतीला, तिच्या पेरांवर मोजून. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी तुमच्या बाबांना घेऊन तिला भेटायला गेले. ते तेव्हा चार वर्षांचे होते आणि वाटेतल्या प्रत्येक डबक्यात पाय घालत होते. होड्यांना इंजिनं आली होती. तांडेल नव्हता. मावशी वाकली होती, पण हात तसेच. घरात विजेचा एक दिवा आला होता आणि त्याच्या उजेडात, फळ्यांच्या भिंतीवर, माझा तक्ता होता. पिवळा पडलेला, कोपरे झुरळांनी खाल्लेले, निळं आणि तांबडं एकाच रंगाचं झालेलं.

मला लाज वाटली. मी म्हटलं, "मावशी, हे काढून टाका आता. सगळा चुकलाय तो."

ती जमिनीवर बसून पदराने तुमच्या बाबांचे पाय पुसत होती. बोटांच्या मधली वाळू काढत होती, एकेका बोटातली. तिने वर बघितलं नाही.

"ऱ्हाऊ दे गो," ती म्हणाली. "त्या दिशी बरोबर व्हता."